टीव्ही चालू आणि बाई झोपलेली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, अशी चिटणीसबाईंनी मला महिनाभर आधीपासून गळ घातली होती. विषय कोणता घेऊ, असे विचारले तर म्हणाल्या, "तुम्हाला सुचेल तो घ्या. फक्त पौष्टिक आहार नको, तो लागोपाठ तीन वर्षे झाला." तेव्हा ज्या विषयात मला खरोखर अधिकार आहे, असाच विषय मी निवडला आहे. तो म्हणजे टीव्ही लावून झोपी जाणे. हसू नका. हात वर करा असेही मी म्हणणार नाही, कारण कित्येकजणींच्या शेजारी त्यांच्या सुना बसल्या आहेत आणि खरे काय ते त्यांना ठाऊक आहे.

चित्र सगळ्यांच्या ओळखीचे आहे. रात्रीची भांडी आवरली, दही लावले, सकाळची भाजी निवडून ठेवली, की आपण दिवाणावर टेकतो. चष्मा नाकावर, रिमोट हातात, पाच मिनिटांत मान कलते. मग मुलगा येऊन हळूच टीव्ही बंद करतो आणि त्याच क्षणी आपण खडबडून जागे होतो. "अरे, बंद का केलास? मी बघतेय ना!" "मग सांग, काय चाललं होतं?" "सासू छळतेय तिला!" आणि गंमत अशी, की हे उत्तर बहुधा बरोबर निघते.

माझी आजी कीर्तनाला जात असे. खांबाला टेकून बसायची आणि पूर्वरंग संपायच्या आत तिला डुलकी लागायची. मृदंग नि टाळ कितीही घुमोत, तिची झोप मोडत नसे. पण ते थांबले की डोळे टक्क उघडायचे. पाणचक्कीजवळ ज्या कोणी दुपारी घटकाभर बसल्या असतील, त्यांनाही उंचावरून हौदात पडणाऱ्या पाण्याच्या एकसुरी आवाजाने पेंग आल्याचे आठवेल. एका सुरात चाललेला आवाज माणसाला झोपवतो आणि तो अचानक थांबला की जागे करतो. हे माझ्या आजीला कोणी शिकवले नव्हते. पण ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तिचे काम आहे.

टीव्ही आपल्याला झोपवू लागला तो नंतर. पहिल्या काळात तो स्वतःच झोपत असे! भारतात दूरचित्रवाणी दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाली, मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. मराठवाड्यातल्या आम्हा लोकांना तिची वाट आणखी बरीच वर्षे पाहावी लागली. आमच्या गुलमंडीच्या वाड्यात पहिला संच आला तो १९८६ साली, आणि पुढच्याच वर्षी जानेवारीत रविवारचे 'रामायण' सुरू झाले. अर्ध्या गल्लीच्या चपला आमच्या दाराशी असत. परंतु रात्री कार्यक्रम संपले, की पडद्यावर मुंग्या दिसू लागत आणि खर्रर्र आवाज येई. तो ऐकून यजमान उठत, बटण बंद करीत, वर कापडी झाकण घालीत. देवघराचा पडदा ओढावा तसे ते झाकण ओढले जाई. मी स्वतः त्यावर मोर भरला होता.

मग १९९० नंतरच्या वर्षांत केबल आली आणि टीव्हीची झोप उडाली. आम्ही तोवर सिडकोत राहायला आलो होतो. दुसरा संच घेतला तो रंगीत, इथे पैठण रस्त्यावर चितेगावला झालेला, व्हिडिओकॉनचा. आपल्या गावात झालेली वस्तू म्हणून यजमानांना त्याचे फार कौतुक. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, हे वाचायला ते नव्हते. एका अर्थी बरेच झाले. संच मात्र आमच्याकडे पुष्कळ वर्षे टिकला.

आता जे सांगायचे म्हणून मी उभी राहिले, ते सांगते.

यजमान २००९ साली गेले. मुलगा पुण्याला नोकरीत, मुलगी तिच्या घरी. घरात मी आणि सासूबाई. त्यांचे वय ब्याऐंशी. त्या आतल्या खोलीत झोपत, मी बाहेर दिवाणावर. दिवस कसाही जाई, पण रात्री दहानंतर घर अंगावर येई. मग टीव्ही लावून ठेवू लागले. बघत नव्हतेच. माणसांचा आवाज हवा होता. कोणीतरी बोलते आहे, भांडते आहे, जाहिरातीतली बाई कपडे धुते आहे, एवढे पुरे होते. शिवाय निमित्तही होते. आपल्याकडचे पाणी तुम्ही जाणताच. पन्नासेक किलोमीटरवर नाथसागर भरलेला, आणि शहरात कित्येक वर्षे नळाला काही दिवसांआड पाणी, तेही अवेळी. पाण्याच्या रात्री जागे राहायचे म्हणून टीव्ही, आणि पाणी नसलेल्या रात्री सवय म्हणून टीव्ही.

२०१२ च्या जानेवारीतली रात्र. थंडी चांगलीच होती. पहाटे साडेतीनच्या सुमारास वीज गेली. टीव्ही बंद पडला आणि त्या शांततेने मला जाग आली, अगदी माझ्या आजीसारखी. अंधारात क्षणभर काही कळेना. मग आतून बारीक आवाज आला. "सूनबाई."

त्या न्हाणीघराकडे जाताना पडल्या होत्या. खुबा मोडला होता. गार फरशीवर, अंगावर नुसते लुगडे. किती वेळ पडून होत्या, हे डॉक्टरांनी विचारले तेव्हा म्हणाल्या, "घड्याळ दिसत नव्हतं. पण टीव्हीतली गाणी झाली, मग कुणीतरी औषध विकत होता तो बराच वेळ बोलला, मग पुन्हा गाणी झाली." मी हिशेब केला. दोन तासांहून कमी नव्हते. तेवढा वेळ त्या मला हाका मारीत होत्या.

शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्या चौदा महिने होत्या, त्यातले बरेचसे पलंगावरच. एकदाही त्यांनी मला बोल लावला नाही. एकदाच, मी त्यांची वेणी घालीत असताना, अगदी सहज म्हणाल्या, "मला वाटलं, तू जागीच आहेस. टीव्ही चालू होता ना."

भगिनींनो, मी झोपले होते आणि ऐकू आले नाही, याचे दुःख मी पेलले असते. पण दोन तास त्या असे समजत होत्या, की सून जागी आहे, टीव्ही बघते आहे आणि हाकेला येत नाही. त्या वाक्याला मी काही उत्तर दिले नाही. वेणीची गाठ मारली आणि उठले. द्यायला हवे होते. पुढच्या चौदा महिन्यांत सुचले नाही, आणि नंतर ऐकायला कोणी नव्हते.

माझी भाची डॉक्टर आहे. तिच्याजवळ हे मन मोकळे केले तेव्हा ती म्हणाली, झोपेतही कान मिटत नाहीत. मेंदू आवाज निवडीत असतो. आयांना बाळाच्या कुरकुरीने जाग येते ती त्यामुळेच. परंतु ती कुरकुर कानापर्यंत यायला हवी. दुसऱ्या आवाजाने ती झाकली, तर मेंदू निवडणार काय? आणि बदल तेवढा त्याला चटकन कळतो, म्हणून मला हाकेने जाग आली नाही, शांततेने आली.

उजेडाचेही तिने सांगितले. अंधार पडला की मेंदूतली एक बारीकशी ग्रंथी मेलाटोनिन नावाचे द्रव्य सोडते. ते शरीराला रात्र झाल्याची वर्दी देते. अमेरिकेतल्या आरन लर्नर यांनी १९५८ साली ते वेगळे काढून दाखवले. उजेडात ते कमी होते. पापण्या मिटल्या तरी थोडा उजेड आत जातोच. आपल्या पेशींतल्या या घड्याळाचा उलगडा करणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २०१९ साली अमेरिकेतल्या ४३,७२२ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्या खोलीत दिवा किंवा टीव्ही चालू ठेवून झोपत, त्यांच्यात पाच किलो किंवा जास्त वजन वाढण्याचा संभव सुमारे १७ टक्क्यांनी अधिक दिसला. हे ऐकून मी माझ्या पोटाकडे पाहिले. भाची प्रामाणिक, म्हणून तिने लगेच सांगितले, की यावरून टीव्हीनेच वजन वाढले असे सिद्ध होत नाही. ज्यांची झोप आणि दिनक्रम आधीच बिघडलेला, त्याच टीव्ही लावून झोपत असतील. मात्र २०२२ साली वीस निरोगी तरुण माणसांवर प्रयोग झाला. त्यातल्या काहीजणांना एक रात्र मध्यम उजेडात झोपवले, तर त्यांच्या हृदयाचे ठोके रात्रभर वाढलेले राहिले आणि सकाळी इन्सुलिनचे काम मंदावलेले आढळले. एकाच रात्रीत! आमच्या वयात निम्म्याजणी साखरेच्या गोळ्या घेतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता मला विचाराल, की मी टीव्ही सोडला का? नाही सोडला. ज्या बाईला दिवसभरात स्वतःचा असा तो एकच तास मिळतो, तिला "बंद करा" म्हणून सांगायला मी कोण? आणि एकटीच्या घरात माणसांचा आवाज लागतो, हे मला पटलेले आहे. पण रिमोटवर झोपेची वेळ लावण्याचे बटण असते. मी आपले अर्ध्या तासाचे लावते. आवाज असा ठेवते, की स्वयंपाकघरात भांडे वाजले तर ऐकू यावे. पुस्तकी ज्ञानापेक्षा दुसरी एक गोष्ट मात्र मला जास्त उपयोगी वाटते. सासूबाईंच्या पूजेतली पितळी घंटा मी उशाशी ठेवते. गेल्या वर्षी मुलगा आणि सूनबाई इकडे राहायला आली. आतल्या खोलीत आता मी असते, आणि बाहेर दिवाणावर सूनबाई मोबाईल छातीवर ठेवून झोपते. पहिल्याच आठवड्यात एका रात्री मी ती घंटा वाजवून पाहिली. ती धावत आली. "काय झालं आई?" मी म्हटले, "काही नाही, येतेस का ते बघत होते." जरा रागावलीच. मग मी तिला ही सगळी हकीकत सांगितली. त्यापूर्वी घरात कोणालाच ती सांगितली नव्हती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या रात्रीपासून मधले दार उघडे असते.

पाच मिनिटे दिली होती, मी फारच घेतली. शिवाय आज आमच्या गल्लीत पाणी यायचे आहे, तेव्हा मला निघायला हवे.