गजकर्ण : पावसाळ्यातील एक उपेक्षित त्वचारोग



गोमंतकात मृगाचा पाऊस सुरू झाला की कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. ओलसर पंचा, दमट बनियन आणि कमरेला घट्ट आवळलेली परकराची नाडी यांच्या आश्रयाने गजकर्ण फोफावते. काही भागांत त्यालाच नायटा म्हणतात. रक्त बिघडल्यामुळे तो होतो, हा समज निराधार आहे. त्वचेच्या वरच्या थरावर जगणारी सूक्ष्म बुरशी हेच त्याचे कारण होय.

लालसर, खवलेदार गोल चट्टा, उंचावलेली कडा, निवळत जाणारा मध्यभाग आणि घामाबरोबर वाढणारी खाज ही त्याची खूण. जांघ, काख व कंबर ही त्याची आवडती ठिकाणे. मुलांच्या डोक्यावर तो झाला तर तेथील केस तुटतात. मात्र चट्टा खाजत नसेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी विनाविलंब करून घ्यावी. तोही औषधोपचाराने पूर्ण बरा होतो.

खरी हानी होते ती लाजेपोटी. जांघेतील दुखणे डॉक्टरांना दाखवण्याऐवजी रुग्ण दुकानातून मलम मागून आणतो. त्यात अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली ओसरते आणि रुग्ण निर्धास्त होतो. प्रत्यक्षात त्वचेचा प्रतिकार तेवढा दबलेला असतो. बुरशी आत पसरतच राहते. कडा पुसट होऊन रोग ओळखणेही अवघड होते, कातडी पातळ पडते. म्हणूनच केंद्र शासनाने २०१८ साली अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. टर्बिनाफिन या प्रभावी औषधालाही पुष्कळदा दाद न देणारी बुरशी भारतात पसरली असून तिला २०२० साली 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' हे नाव मिळाले.

डॉक्टरांनी दिलेले क्लोट्रिमॅझोलसारखे साधे बुरशीनाशक मलम कोरड्या त्वचेवर, कडेबाहेर बोटभर अंतरापर्यंत, दिवसातून दोनदा लावावे. चट्टा दिसेनासा झाल्यावरही किमान दोन आठवडे ते चालू ठेवावे. डोक्यावरील वा नखांतील रोगास बहुधा पोटात घेण्याची औषधे लागतात. घरातील सर्वांची तपासणी एकाच वेळी व्हावी, अन्यथा एका पंचावरून रोग पुन्हा घरभर फिरतो. कपडे गरम पाण्यात धुवावेत आणि ऊन नसेल तेव्हा इस्त्रीने पूर्ण सुकवावेत. उपचार सुरू झालेल्या मुलास शाळेतून घरी बसवण्याचे कारण नाही. फणी व टोपी मात्र त्याची वेगळी असावी. गोठ्यातील वासराच्या किंवा घरच्या मांजराच्या अंगावर केस झडलेले गोल चट्टे दिसल्यास पशुवैद्यकास दाखवावे.