गाव आखणारे आणि गाव वसवणारे



मराठी अभ्यासकांनी स्थानिक इतिहासाच्या परिषदेसाठी इथे कॅन्ससमध्ये का यावे, असे अनेकांनी विचारले. माझे उत्तर आहे, याच राज्यातले निकोडेमस हे गाव. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ ग्रंथ अमेरिकेतल्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. पुढे चारच वर्षांनी दास्यातून सुटलेली कृष्णवर्णीय कुटुंबे केंटकीहून निघाली आणि निकोडेमसला आली.

गावाच्या उभारणीत डब्ल्यू. आर. हिल या जमिनीच्या दलालाचा पुढाकार होता. जाहिरातीत सुपीक भूमी होती. समोर उघडा माळ निघाला. लाकूड दुर्मीळ, म्हणून लोकांनी जमिनीत घरे खोदून हिवाळा काढला. १८८८ मध्ये रेल्वेने गावाला बगल दिली आणि व्यापारी उठून गेले. आज दोन चर्च, हॉटेल, शाळा आणि टाउनशिप हॉल या पाच जुन्या वास्तू उभ्या आहेत. १९९६ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. पहिली घरे मात्र मातीत मिसळली. त्यांचा शोध दप्तरातच घ्यावा लागतो.

ते दप्तरही सरळ नाही. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली, केवळ वय, लिंग आणि वर्ण एवढीच; बहुतेकांची नावे प्रथम १८७० मध्ये आली. १८९० च्या जनगणनेची बहुतेक पाने १९२१ च्या आगीनंतर उरली नाहीत. तिथे कॅन्ससच्या १८८५ आणि १८९५ च्या राज्यगणना कामी येतात. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांपर्यंत जमीन मिळे, पण पाच वर्षे कसून, साक्षीदार देऊन हक्क सिद्ध करावा लागे. त्या जबान्यांत घर केवढे, नांगरट किती, हे आढळते. पडलेल्या घराची मापे तिथे मिळतात.

गाव आखणाऱ्याचे नाव सहज सापडते. वसवणाऱ्यांचे शोधावे लागते. निकोडेमसच्या पहिल्या शिक्षिका जेनी स्मिथ फ्लेचर यांच्यासारख्यांची नोंद म्हणूनच मोलाची. दोन दिवसांच्या चर्चेत आपण वास्तूंची मापे सांगाल, तेव्हा त्यांत राहिलेल्या माणसांची नावेही आवर्जून सांगा, एवढीच विनंती.