पेशींचे टपाल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी शास्त्रज्ञ नाही. सरकारी कचेरीत फायली चाळणारा एक साधा बी. ए. आहे. तरीही हा विषय निवडण्यास तसेच कारण घडले. दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या वहिनींना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. आम्ही सारे हवालदिल झालो असता कोणीतरी एक जाहिरात आणून दिली. एक्झोसोमची इंजेक्शने घ्या, रोग बरा होईल, असे तीत म्हटले होते. खर्च काही लाखांचा. दादांनी गावाकडची जमीन विकण्याची तयारी चालविली. तेव्हा एक्झोसोम म्हणजे काय, हे समजून घेणे मला भाग पडले.

आपल्या पेशी पातळ आवरणाचे अतिसूक्ष्म बुडबुडे सतत बाहेर सोडीत असतात. त्यांना पुटिका म्हणतात. एक्झोसोम हा त्यांतलाच एक प्रकार. व्यास सुमारे ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे केसाहून शेकडो पटींनी बारीक. १९८३ साली माँट्रियल येथे रोझ जॉनस्टोन आणि सेंट लुइस येथे फिलिप स्टाल यांच्या पथकांना अपक्व तांबड्या रक्तपेशींत ही क्रिया आढळली. पक्व होताना पेशी नको झालेला भाग बाहेर टाकते. तेव्हा हा निव्वळ केर होय, असाच समज बरीच वर्षे राहिला. २००७ साली स्वीडनमधील यान लोटवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, या पुटिकांत आरएनए असते आणि दुसऱ्या पेशीत जाऊन ते कामही करते. ज्याला केर समजत होते, ते टपाल निघाले!

जनुकोपचारात खरी अडचण असते ती बटवड्याची. उघडे आरएनए रक्तात टिकत नाही. म्हणून निरुपद्रवी केलेले विषाणू वाहन म्हणून वापरतात. परंतु शरीर त्यांना परके मानून त्यांवर तुटून पडू शकते. १९९९ साली फिलाडेल्फिया येथे एका आनुवंशिक विकारावरील अशा चाचणीत अठरा वर्षांचा तरुण दगावला. आपल्या मुंबईत आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या नेक्सकार-१९ या उपचारास २०२३ साली मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या पेशी बाहेर काढून, विषाणूच्या साह्याने त्यांत जनुक घालून त्या परत देतात. मात्र तो रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे. पोटातील घट्ट गाठीपर्यंत औषध नेणे ही गोष्ट निराळी.

तेथे पुटिकांची आशा वाटते. २०१७ साली ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात रघू कल्लुरी यांच्या पथकाने पुटिकांत असे आरएनए भरले की, जे स्वादुपिंडाच्या कर्करोगातील बिघडलेल्या केआरएएस जनुकाचे तोंड बंद करील. या पुटिकांवर सीडी-४७ नावाचे प्रथिन असते. 'मी घरचाच आहे, मला गिळू नका,' असा निरोप ते भक्षक पेशींना देते. उंदरांत गाठीची वाढ रोखली गेली, आयुष्यही वाढले. पुढे त्याच केंद्रात मनुष्यांवरील पहिल्या टप्प्याची चाचणी हाती घेण्यात आली.

पण बंधुभगिनींनो, उंदीर बरा झाला म्हणजे माणूस बरा झाला, असे नव्हे. पहिला टप्पा मुख्यतः सुरक्षितता आणि मात्रा पाहतो. एकसारख्या पुटिका मोठ्या प्रमाणावर तयार करणे कठीण, त्यांत औषध भरणे कठीण. आणि पुष्कळशा पुटिका यकृतच टिपून घेते. शिवाय बाजारात एक्झोसोम म्हणून जे विकतात, ते या संशोधनातील औषध नव्हेच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये अशा उत्पादनांबाबत जाहीर इशारा दिला होता.

हे सारे मी दादांसमोर मांडले. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे आपल्यासाठी अजून उशीर आहे." मला होय म्हणावे लागले. त्याहून जड शब्द मी कधी उच्चारला नाही. वहिनी आज नाहीत. परंतु त्यांचे अखेरचे महिने रीतसर उपचारांत, वेदना शमविणाऱ्या औषधांच्या आधाराने, नातवंडांच्या सहवासात गेले. कोणाच्या पायऱ्या झिजविण्यात गेले नाहीत.

घरापासून दूर राहणाऱ्या आपणांस सल्ल्याला वडीलधारे जवळ नसतात, आणि संकटात जाहिरात आधी पोहोचते. अशा वेळी तीनच प्रश्न विचारावेत: हा उपचार मान्यताप्राप्त आहे काय? चाचणी असल्यास तिची नोंद कोठे आहे? आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे का मागता? विज्ञानावर श्रद्धा असावी. पण ते पोहोचण्याआधीच त्याच्या नावाने कोणी दार ठोठावले, तर ओळख पटवून मगच दार उघडावे.