छातीतला पंप आणि वाफेची वाट



आम्ही डॉक्टर नव्हे, आणि रसायनशास्त्र कॉलेजात शिकलेलोही नाही. युनियनच्या कामातून सवड काढून जे वाचले, त्यातलेच एक आज आपल्यापुढे ठेवतो.

निकामी होत चाललेल्या हृदयाच्या मदतीला छातीत पंप बसवतात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. या पंपांच्या पहिल्या पिढीत एक लवचिक पडदा असे. त्याच्या एका अंगाला रक्त, दुसऱ्या अंगाला त्याला ढकलणारी शक्ती. मिनिटाला 72 ठोके धरले, तर वर्षाला 3 कोटी 78 लाख वेळा तो वाकायचा. मागावरचा चामड्याचा पट्टा किती टिकतो हे कुणाही विणकराला विचारा, म्हणजे या आकड्याचे वजन कळेल.

हे वाकण्याचे काम पॉलियुरेथेनने पेलले. ताणणाऱ्या कापडात लायक्राचे सूत असते ना, त्याच्याच कुळातला हा पदार्थ. 1982 च्या डिसेंबरात अमेरिकेत युटा विद्यापीठात डॉ. डेव्ह्रीस यांनी जार्विक-7 हे कृत्रिम हृदय बसवले. रुग्ण 112 दिवस जगला. त्यातले पडदे पॉलियुरेथेनचेच होते. पण ते हलवणारी हवा बाहेरच्या यंत्रातून नळ्यांवाटे येई. माणूस जिवंत, पण यंत्राला बांधलेला! तेव्हा विजेची मोटरच आत बसवावी आणि सारे बंद करून टाकावे, असे ठरले.

घोडे पेंड खाते ते इथेच. पडद्यातून रक्ताचा थेंब पलीकडे जात नाही, पण वाफ जाते. पाणी न गळणे निराळे आणि वाफ न झिरपणे निराळे. सायकलच्या ट्यूबला भोक नसते, तरी काही दिवसांनी हवा कमी होतेच की नाही? पॉलियुरेथेनच्या रेणूंत पाण्याशी सलगी करणारे भाग असतात. रक्तातले पाणी त्यांतून रेणूरेणूने पलीकडे पोचते, आणि जिथे मोटरची गुंडाळी आणि बेअरिंगे आहेत, त्या बंद पोकळीत ओल साठते.

मग वाफ अडवणारे रबर घ्यावे, हे ओघानेच आले. ब्युटिल रबर 1937 साली निघाले. ते हवा धरून ठेवते म्हणून मोटारीच्या ट्यूबा त्याच्या होऊ लागल्या. ओलावाही ते अडवते. पण रक्ताशी पॉलियुरेथेनचे जास्त जमते. तेव्हा दोहोंचे थर एकमेकांवर चढवून पाहिले. थर वाढले की ते सुटण्याची धास्तीही वाढते. क्लीव्हलँडमध्ये गुडइयर या टायरवाल्या कंपनीचे हेक्सिन रबर पडद्याला लावून पाहिले गेले. टायरच्या कारखान्यातली विद्या हृदयापर्यंत गेली, याचे आम्हाला तरी फार अप्रूप वाटते.

आणखी एक अडचण होती. पडदा मागे सरला की पोकळीतल्या हवेला जायला जागा हवी. काहींनी आतच हवेची लवचिक पिशवी ठेवली. तिच्यातूनही वायू हळूहळू निसटे, आणि ती पुन्हा भरावी लागे. हार्टमेट पंपाने सरळ कातडीबाहेर नळीच काढली. त्या पंपाची 129 रुग्णांवरची पाहणी 2001 साली प्रसिद्ध झाली. पंप बसवलेल्यांपैकी वर्षाअखेर 52 टक्के जगले, नुसत्या औषधांवरचे 25 टक्के. ही काही लहान गोष्ट नव्हे. पण दोन वर्षे पुरी होईतो पंपवाल्यांतलेही 23 टक्केच उरले. जंतुसंसर्ग आणि यंत्राचा बिघाड यांनी पुष्कळांना गाठले.

शेवटी पडद्याचे रबर बदलण्याऐवजी पडदाच काढून टाकला! नव्या पंपात एक छोटे चक्र रक्तातच फिरते. वाकणारे काही नाही, म्हणून कवच टायटॅनियम धातूचे करता येते, आणि धातूतून वाफ जात नाही. 2009 साली जुन्या आणि नव्या पंपांची तुलना प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी मोठा झटका न येता व पंप बदलण्याची पाळी न येता जगलेले जुन्यात 11 टक्के, नव्यात 46 टक्के.

वीज मात्र अजून कातडीतून जाणाऱ्या तारेनेच आत न्यावी लागते. त्या तारेच्या वाटेने जंतू शिरतात, आणि रुग्णाला ती जागा रोज जपावी लागते.