तपासणी दर वेळी, आणि सगळ्यांची



कुर्डुवाडी हे आपल्या माढा तालुक्यातले रेल्वेचे गाव. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि ते जंक्शन बनले. जुन्या काळी मोठ्या स्टेशनात गाडी थांबली, की रेल्वेचा माणूस हातोडी घेऊन चाकांवर ठोके मारीत जाई. चाक धड असेल तर आवाज खणखणीत येई, तडा असेल तर बद्द. काल तपासले म्हणून आज सोडले, असे त्याला चालत नसे. संगणकाच्या आज्ञावलीचेही तसेच आहे. कसे, ते पाहा.

'शेतकऱ्यांना' हा आपला रोजचा शब्द. यातला ऱ संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो. युनिकोड संकेतात ऱ या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, ही एक रीत. साधा र, त्याला हलन्त आणि पुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह, ही दुसरी. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राला मात्र ते निरनिराळे. नोंद एका रीतीने झाली आणि शोध दुसऱ्या रीतीने घेतला, की यंत्र म्हणते, असे नाव नाही! कुणी बोऱ्हाडे खिडकीपुढे ताटकळत उभे, आणि यादीत त्यांचा पत्ताच नाही.

बरे, नावांत चुकून शिरलेली अदृश्य चिन्हे काढावीत म्हणून कुणी सरसकट सफाई केली, तर जोडचिन्हही जाते आणि 'शेतकर्यांना' असे भलतेच छापून येते. म्हणजे एक दोष काढताना दुसरा शिरला. म्हणूनच प्रत्येक दुरुस्तीनंतर सगळेच पुन्हा तपासायचे.

हे हाताने कोण किती वेळा करणार? म्हणून कसोट्या लिहून ठेवतात. 'कोणत्याही रीतीने शोधले तरी बोऱ्हाडे सापडले पाहिजेत', ही एक. 'दर्या म्हणजे समुद्र शोधताना डोंगरातल्या दऱ्या येता कामा नयेत', ही दुसरी. मग पायटेस्टसारखे साधन घ्यायचे. त्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. आज्ञेच्या ओळीवर त्याचे नाव टंकायचे, बस्स. ते फायलींतून कसोट्या गोळा करते, एकामागून एक चालवते. पास झाली की एक टिंब उमटते, नापास झाली की इंग्रजी एफ हे अक्षर. काय यायला हवे होते आणि काय आले, तेही दाखवते.

शेवटी ते एक आकडा मागे ठेवते. सगळ्या पास तर शून्य, एखादी जरी नापास तर एक. तो वाचून दुसरे यंत्र सदोष दुरुस्ती लोकांपर्यंत जाण्याआधीच अडवू शकते. आणि गंमत अशी, की एकही कसोटी सापडली नाही तर आकडा येतो पाच. जे तपासलेच नाही, त्याला ते 'ठीक' म्हणत नाही!

पण यंत्र कसोटी चालवते, सुचवीत नाही. दऱ्या आणि दर्या यांतला भेद ज्याला ठाऊक नाही, त्याच्या यादीत ती कसोटी येणारच नाही, आणि पडदा मात्र टिंबांनी भरून जाईल. तेव्हा हे काम मराठी जाणणाऱ्याचे, म्हणजे तुमचे-आमचे. एखादे नाव यंत्राला सापडले नाही, तर नुसते कपाळावर हात मारून घरी जाऊ नका. काय टंकले आणि काय दिसले, ते जसेच्या तसे लिहून आज्ञावली करणाऱ्यांना कळवा. त्याची एक कसोटी झाली, की तो दोष पुन्हा शिरला तरी पहिल्याच फेरीत पकडला जाईल.