एकटं कुत्रं वस्तू कुरतडतं तेव्हा

आपण रानात गेलो की घरी एकटं राहिलेलं कुत्रं वहाणा, ठिबकच्या नळ्या कुरतडतं. पिल्लाचे दुधाचे दात ४ ते ६ महिन्यांच्या वयात पडतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात. मोठं कुत्रं एकटेपणानं बिथरून चावतं.

परत आल्यावर मारू नका. मार कशाबद्दल हे त्याला उमगत नाही, भीती तेवढी वाढते. निघण्याआधी त्याला बांधावरून फिरवून आणा. चघळायला जाड गाजर द्या. शिजवलेलं हाड नको, त्याच्या कपच्या घशात रुततात. सुरुवातीला ५-१० मिनिटंच एकटं ठेवा, मग वेळ वाढवत न्या.

बीजप्रक्रियेचं औषध आणि उंदराचं विष मात्र आजच कुलपात ठेवा. वहाण नवी घेता येईल. पण विषाचं पाकीट फोडलं, तर कुत्रं वाचवणं अवघड.