लांबीचा डबा



‘अमेरिकेत काय करतेस?’ याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे: सॉफ्टवेअर. शनिवार-रविवारचं सांगते. मी आणि नवरा गॅरेजमध्ये दोन आसनांचं विमान बांधतोय. तिथे कायद्याने चालतं. अट एवढीच, की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं हवं. अॅल्युमिनियमचा सांगाडा त्याने केला. इंजिनावरचं झाकण, पंखांची टोकं, चाकांवरची आवरणं फायबरग्लासची. ती रंगासाठी तयार करणं माझ्याकडे आलं. मला वाटलं, दोन रविवार पुरेत!

आधी सगळं धुवायचं. भाग साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं मेण अंगावर राहतं आणि त्यावर रंग धरत नाही. मग छिद्रं, सुईच्या टोकाएवढी. एरवी दिसत नाहीत, प्रायमर मारला की शेकडो दिसतात. पातळ इपॉक्सी जुन्या एटीएम कार्डाने ओढून त्यांत दाबायचं, वाळलं की धुवायचं, घासायचं, पुन्हा दाबायचं. खळग्यांत लांबी भरायची. दिवाळीआधी आपले रंगारी भिंतीला भरायचे, तीच कल्पना. फक्त ही इपॉक्सीत काचेचे बारीक पोकळ गोळे मिसळून केलेली, वजनाला हलकी. पॉलिश पेपर ८० नंबरचा, मग १८०, मग ३२०, आणि तोही ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं तर नवे खळगे पडतात. पहिल्या दिवशी मी अर्ध्या बाह्यांत घासायला बसले. काचेच्या कुसळांनी रात्रभर हात खाजले.

एकदा झाकणाचा उंचवटा सपाट करताना मी घासतच राहिले आणि आतलं काचेचं कापड उघडं पडलं. धागे कापले गेले होते. ताकद त्या धाग्यांतच असते. वर लांबी भरली असती तर रंगाखाली कुणालाही कळलं नसतं. ऑफिसात आम्ही अशा गोष्टी ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ म्हणून ढकलतो. खोटं कशाला सांगू, डबा उघडलाही होता. पण हे झाकण प्रोपेलरच्या लगेच मागे, आणि शेजारच्या सीटवर मीच बसणार.

नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग भोवतालचा भाग उतरता घासून आम्ही कापडाचे नवे थर चढवले. तीन शनिवार-रविवार गेले.

इथे येण्याआधी प्रायमर मारला आणि दिवा तिरका धरून पाहिलं. १९ छिद्रं. परत गेले की ती भरायची आहेत.